एकच गाठ, दोन रिपोर्ट: पी१६ पॉझिटिव्ह, एचपीव्ही निगेटिव्ह

प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या एका मुलीचा आहे, थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे. उजव्या टॉन्सिलवर साडेतीन सेंटिमीटरची गाठ, मानेत त्याच बाजूला दोन लहान गाठी. तीस वर्षं तंबाखू-चुना, जोडीला विडी. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘केराटिनायझिंग स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, पी१६ पॉझिटिव्ह, ८०%’. मग कुणीतरी सुचवलं म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) केली, तिथे ‘एचपीव्ही डीएनए आढळला नाही’, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा या विषाणूचा माग नाही. एक डॉक्टर म्हणाले स्टेज १, दुसरे म्हणाले स्टेज ४. कोणती लॅब चुकली? विषाणूचा कॅन्सर लवकर बरा होतो असं वाचलंय, तर उपचार कमी करता येतील का? आणि आईचीही तपासणी करायला हवी का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, हेड अँड नेकच्या गाठींचे रिपोर्ट गेली २२ वर्षं लिहितेय. स्लाइड मी पाहिलेली नाही, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या गाठीबद्दल शेवटचा शब्द माझा नाही. पण असे जोडीचे रिपोर्ट माझ्या टेबलावर अधूनमधून येतात, आणि ते घेऊन येणारे नातेवाईक हाच प्रश्न विचारतात: खरं कोण? बहुतेक वेळा दोघंही खरं सांगत असतात. त्या दोन तपासण्या एकच गोष्ट बघतच नाहीत. म्हणून लॅबवर राग काढण्याआधी कुठली तपासणी काय बघते ते समजून घेऊ. स्टेजचा घोळही तिथेच सुटेल.

पी१६ हे आपल्याच पेशीतलं प्रथिन आहे, विषाणूचं नाही. नावातल्या सोळामुळे फार गोंधळ होतो. एचपीव्ही १६ म्हणजे त्या विषाणूचा सोळाव्या क्रमांकाचा प्रकार, आणि घशातल्या एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा तोच सापडतो. पी१६ मधले १६ मात्र त्या प्रथिनाच्या वजनाचे, १६ किलोडाल्टन. दोन सोळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह’ असं मी डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलंसुद्धा वाचलंय.

मग विषाणू शोधायला हे प्रथिन कशाला बघायचं? पेशीनं उगाच दुभंगत सुटू नये म्हणून आरबी नावाचं एक प्रथिन ब्रेकचं काम करतं. पी१६ म्हणजे त्या ब्रेकवर ठेवलेला पाय. एचपीव्ही पेशीत शिरून ई७ नावाचं आपलं प्रथिन बनवतो, आणि ते आरबीला निकामी करतं. आता एसटीचा ड्रायव्हर ब्रेक दाबतोय, गाडी थांबत नाही, म्हणून तो आणखी जोरात दाबतोय, अशी पेशीची गत होते. पी१६ बनतच राहतं, साचतं, आणि आम्ही स्लाइडवर रंग चढवला की पेशीचं केंद्रक आणि भोवतालचा भाग दोन्ही गडद तपकिरी दिसतात. तंबाखूच्या कॅन्सरमध्ये उलटं असतं. तिथे बहुधा पायच जागेवर नसतो, म्हणजे पी१६चं जनुक गळालेलं किंवा बंद पडलेलं असतं, आणि स्लाइड कोरी राहते.

म्हणून पी१६ हा एचपीव्हीचा चांगला खबऱ्या आहे. स्वस्त, एक-दोन दिवसांत होणारा, साध्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर, चालणारा. पण पाय पूर्ण दाबलेला दिसला यावरून ब्रेक लागत नाही एवढंच कळतं. तो विषाणूनं तोडला की आरबीचं जनुक दुसऱ्याच कारणानं बिघडलं, हे पायाकडे बघून सांगता येत नाही.

८०% या आकड्याबद्दल. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सच्या २०१८च्या मार्गदर्शिकेनुसार किमान ७०% पेशींमध्ये, केंद्रकात आणि बाहेरही, मध्यम ते गडद रंग दिसला तरच पॉझिटिव्ह म्हणायचं. आम्हीही तीच रेघ पाळतो. तुमचा रिपोर्ट तिच्या वर आहे, पण फार वर नाही. विषाणूच्या खऱ्या गाठीत बहुधा सगळी गाठच एकसंध रंगलेली असते, टक्के मोजायला बसावंच लागत नाही. ‘साधारण ८०’ लिहायची वेळ आली की मी स्लाइड दुसऱ्या कुणाला तरी दाखवते. ठिकठिकाणी डाग पडल्यासारखा रंग असेल तर तो डोळ्यांना मोठा भासतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

दुसरी खूण ‘केराटिनायझिंग’ या शब्दात आहे. एचपीव्हीची गाठ टॉन्सिलच्या खोल खाचांमधल्या अस्तरातून उगवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेकदा निळसर, दाट, केराटिन (नखांत, त्वचेत असतं ते टणक प्रथिन) न बनवणारी दिसते. केराटिन बनवणारी गाठ हे तंबाखूच्या कॅन्सरचं नेहमीचं रूप. अपवाद असतात, म्हणून नुसत्या रूपावरून कुणी निकाल देऊ नये. पण तीस वर्षांचा तंबाखू, केराटिन आणि निगेटिव्ह पीसीआर या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, पी१६ एकटं दुसरीकडे. अशा वेळी मी पी१६ला उलटतपासणीला उभं करते.

उलटतपासणी पीसीआरचीही करायची. ‘आढळला नाही’ याचे दोन अर्थ होऊ शकतात: विषाणू नाहीच, किंवा आहे पण सापडला नाही. आपल्याकडे दुसरी शक्यता पुस्तकात लिहितात त्यापेक्षा मोठी असावी असं मला वाटतं. तुकडा काढल्याबरोबर दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडायला हवा. प्रत्यक्षात शनिवारी काढलेला तुकडा सलाइनच्या बाटलीत मंगळवारी पोचलेला मी पाहिलाय. अशा तुकड्यातल्या डीएनएचे बारीक बारीक तुकडे झालेले असतात. कधी कापलेल्या भागात कॅन्सरच्या पेशीच मूठभर, बाकी सगळी टॉन्सिलची नेहमीची लसिका-ऊती. कधी किट मोजकेच प्रकार ओळखतं, आणि गाठीत ३३ किंवा ३५ क्रमांकाचा विषाणू असला तर हुकतो. आणखी एक तांत्रिक बाब आहे, पण विचारून घ्यावी अशी. काही किट विषाणूच्या एल१ या भागावर बेतलेली असतात. विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसतो तेव्हा हा भाग गळू शकतो. ई६ आणि ई७ हे भाग मात्र टिकतात, कारण कॅन्सर चालतो तो त्यांच्या जोरावर. म्हणून किट ई६-ई७ शोधणारं होतं का, आणि नमुन्यात पुरेसा डीएनए असल्याचा कंट्रोल (सोबत केलेली पडताळणी) पास झाला होता का, हे दोन प्रश्न त्या लॅबला फोन करून विचारा. चांगली लॅब उत्तर देते. कंट्रोलच फेल असेल तर त्या ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ नाही.

पीसीआर उलट्या बाजूनंही फसते, आणि त्यात मी स्वतः तोंडघशी पडलेय. सुरुवातीच्या काळात एका लॅबमध्ये असताना गालाच्या आतल्या कॅन्सरचा एचपीव्ही पीसीआर पॉझिटिव्ह आला. रुग्ण गुटखा खाणारा, पी१६ साफ निगेटिव्ह. मी उत्साहानं रिपोर्ट लिहूनही टाकला. आमच्या जुन्या टेक्निशियननं रजिस्टर उघडून दाखवलं: मायक्रोटोमवर (ब्लॉकचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) आदला ब्लॉक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा होता, आणि पातं तेच. नवं पातं लावून, मध्ये एक कोरा मेणाचा ब्लॉक कापून पुन्हा नमुना घेतला, तर निगेटिव्ह. पीसीआर इतकी तल्लख असते की पात्याला चिकटलेला कणही तिला पुरतो. शिवाय विषाणू घशात नुसता वस्तीला आलेला असू शकतो, कॅन्सरशी काही देणंघेणं नसताना. नुसता डीएनए सापडणं म्हणजे घटनास्थळी हजर असणं, गुन्हा करणं नव्हे.

गुन्हा चालू असल्याचा पुरावा म्हणजे ई६-ई७चा आरएनए. विषाणूची ही जनुकं त्या क्षणी वापरात आहेत, त्यांवरून प्रथिनं बनताहेत, याची ती खूण. ‘आरएनए इन सिटू हायब्रिडायझेशन’ ही तपासणी त्याच ब्लॉकवर होते, आणि तिची मोठी सोय अशी की उत्तर नळीत नाही, स्लाइडवर मिळतं. कॅन्सरच्या पेशींमध्ये बारीक ठिपके दिसले तर पॉझिटिव्ह, शेजारच्या लसिका-पेशीत काही दिसत नाही. पात्यावरची घाण, वस्तीला आलेला विषाणू हे प्रश्नच मिटतात. किटमध्ये बरेचसे धोकादायक प्रकार एकत्र असतात. अडचणी दोन. एक, ही सोय मोठ्या कॅन्सर केंद्रांत आणि मोजक्या संदर्भ-लॅबमध्येच आहे आणि पी१६च्या कितीतरी पट महाग आहे. दोन, आरएनए डीएनएहूनही नाजूक असतो, सलाइनमधला तुकडा इथे हमखास घात करतो. म्हणून इथेही कंट्रोल पाहायचा.

मग सगळ्यांचीच आरएनए तपासणी का करत नाहीत? याचं उत्तर देशावर अवलंबून आहे. थोडा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेत. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे १०० कॅन्सर घ्या, आणि समजा की विषाणू नसलेल्या दहातल्या एका गाठीत पी१६ उगाचच पॉझिटिव्ह येतं. जिथे १००पैकी ७० विषाणूमुळे होतात (अमेरिकेत प्रमाण साधारण एवढंच मानतात) तिथे उरलेल्या ३०पैकी ३ खोटे पॉझिटिव्ह. सत्तरावर तीन, दुर्लक्ष करता येतं. जिथे विषाणूचे फक्त १५ आहेत तिथे उरलेल्या ८५पैकी आठ-नऊ खोटे. म्हणजे तेवीस-चोवीस पॉझिटिव्हमध्ये तिसरा हिस्सा खोटा! तपासणी तीच, लॅब तीच, भरवसा वेगळा. भारतातल्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, पण तंबाखूच्या ओझ्यामुळे आपल्याकडे विषाणूचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, यावर फारसं दुमत नाही. अमेरिकी मार्गदर्शिकेतलं ‘घशात नुसतं पी१६ पुरे’ हे वाक्य म्हणूनच मी जसंच्या तसं उचलत नाही. तंबाखू खाणाऱ्या रुग्णाचं पी१६ पॉझिटिव्ह आलं तर ब्लॉक पुढच्या तपासणीला पाठवा, असं मी रिपोर्टखाली लिहिते. सगळ्यांना परवडत नाही हेही माहीत आहे, म्हणून ‘उपचार त्यासाठी थांबवू नका’ हेही लिहिते.

हा भेद नुसता कागदावरचा नाही. २०२३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त १३ गटांतल्या ७६५४ रुग्णांची एकत्र पाहणी आली. दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह असलेले सुमारे ८१% रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, दोन्ही निगेटिव्ह असलेले सुमारे ४०%. तुमच्या वडिलांसारखे, पी१६ पॉझिटिव्ह पण विषाणू निगेटिव्ह, सुमारे ५५%. म्हणजे मधला गट. ‘विषाणूचा कॅन्सर लवकर बरा होतो’ हे तुम्ही वाचलेलं वाक्य पहिल्या गटाचं आहे. वडिलांना ते तसंच लावता येणार नाही, पण सगळ्यात वाईट गटातही टाकता येणार नाही. त्याआधी, २०१०च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासानं आणखी एक गोष्ट दाखवली होती: विषाणू असूनही ज्यांनी रोज एक पाकीट या हिशेबानं दहा वर्षांहून जास्त सिगारेट ओढली आणि मानेतल्या गाठी वाढलेल्या होत्या, त्यांचा फायदा बराचसा धुऊन गेला. तो हिशेब सिगारेटचा आहे. तंबाखू-चुना त्यात कुठे बसवायचा हे त्या अभ्यासातून कळत नाही, पण तुमच्या वडिलांच्या विडीकडे डॉक्टरांनी दुर्लक्ष करू नये.

आता स्टेजचं कोडं. घशाच्या या भागासाठी, स्टेज ठरवण्याच्या टीएनएम नियमावलीच्या २०१८ पासून अमलात आलेल्या आठव्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्ह आणि पी१६ निगेटिव्ह अशा दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. चार सेंटिमीटरच्या आतली गाठ आणि मानेत त्याच बाजूला सहा सेंटिमीटरच्या आतल्या दोन गाठी: पहिल्या पट्टीवर स्टेज १, दुसरीवर स्टेज ४-ए. आजार तसूभरही बदललेला नाही. पहिल्या डॉक्टरांनी पी१६चा रिपोर्ट पाहिला, दुसऱ्यांनी पीसीआरचा. नियमाच्या भाषेत पहिले बरोबर, कारण मोजपट्टी पी१६वरच ठरते, पीसीआरवर नाही. पण दुसऱ्यांची शंकाही अनाठायी नाही, वरच्या आकड्यांमुळे. तुम्ही ‘स्टेज ४’ ऐकून घाबरू नका आणि ‘स्टेज १’ ऐकून निवांत होऊ नका. गाठीची मापं आणि स्कॅन यावर बोला.

उपचार कमी करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नाही. हे रेडिएशन आणि मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टचं क्षेत्र आहे, त्यांचं ऐका. पण ते काय सांगतील याचा अंदाज मी देऊ शकते. पी१६ पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत उपचार हलके करायचे प्रयोग झालेत आणि मोठे प्रयोग फसलेत. सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सेटुक्सिमॅब हे दुसरं औषध द्यायचं, दुष्परिणाम कमी होतील, अशी आशा होती. २०१८च्या अखेरीस दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि दोन्हीत सिस्प्लॅटिनवाले रुग्ण जास्त जगले. पुढे शेक (रेडिएशन) ७० ग्रेवरून ६० ग्रेवर (ग्रे हे त्याच्या डोसचं माप) आणून पाहिला, तोही गट पूर्ण डोसच्या बरोबरीला आला नाही. ज्यांच्यात बहुतेकांचा विषाणू खरा होता त्यांच्यातच कात्री चालली नाही, तर वडिलांच्या अर्धवट पुराव्यावर ती चालवायचा प्रश्न येत नाही. ऑपरेशन की शेक-केमो, हे गाठीची जागा, मूत्रपिंडं, कान, दात आणि वडिलांची ताकद बघून ठरेल. पी१६ त्यात फार ढवळाढवळ करत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर असं: पी१६ खबऱ्या, पीसीआर हजेरी, आरएनए पुरावा. वडिलांचा पुरावा अजून गोळा झालेला नाही. आरएनए निगेटिव्ह आला तर गाठ बहुधा तंबाखूची, पॉझिटिव्ह आला तर पीसीआर हुकली. उपचार दोन्हीकडे पूर्णच. फरक पडेल तो पुढची वाटचाल समजण्यात.

जाता जाता, तुमच्या शेजारच्या काकांच्या हिरडीच्या कॅन्सरचाही पी१६ केलाय असं तुम्ही लिहिलंय. गाल, हिरडी, जिभेचा पुढचा भाग इथे ही तपासणी नेहमीची म्हणून करायची गरज नाही. तिथे पी१६चा विषाणूशी मेळ बसत नाही आणि वेगळी मोजपट्टीही नाही. ‘पॅकेज’मध्ये असते म्हणून होते. ते पैसे दाताच्या डॉक्टरकडे खर्च झाले असते तर बरं, शेक सुरू होण्याआधी त्याची खरी गरज असते.

आता आई. या प्रश्नामागची भीती मला कळते, कारण हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो हे कळल्यावर घरात जे शांत बसणं सुरू होतं ते मी ओपीडीच्या बाहेर पाहिलंय. आधी हे लक्षात घ्या की वडिलांचा एचपीव्ही अजून सिद्धच झालेला नाही. आणि झाला तरी त्यातून कुणाच्या वागण्याबद्दल काही निष्कर्ष निघत नाही. हा विषाणू अतिशय सर्वसामान्य आहे, लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो. ज्याला कॅन्सर होतो त्याचा संसर्ग अनेकदा वीस-तीस वर्षांपूर्वीचा असतो, लग्नाच्या आधीचा की नंतरचा हे कुणालाही सांगता येत नाही. रुग्णांच्या जोडीदारांच्या तोंडात हा विषाणू इतरांपेक्षा जास्त सापडतो असंही अभ्यासात दिसलेलं नाही. घशातला विषाणू शोधून कॅन्सर आधी पकडणारी मान्यताप्राप्त तपासणी आज नाही, त्यामुळे चूळ भरून करायच्या ज्या तपासण्या इंटरनेटवर दिसतात त्या आईसाठी घेऊ नका. गर्भाशयमुखाची तपासणी मात्र तिच्या वयानुसार करून घ्या. ती वडिलांमुळे नव्हे, एरवीही करायचीच असते. आणि वडील-आईनं ताटं, पेले वेगळे करू नयेत, एकत्र जेवावं.

आता कामाचं. पहिल्या लॅबमधून मूळ पॅराफिन ब्लॉक मागून घ्या. तो बहुधा अर्ज आणि ओळखपत्र दाखवून मिळतो. सोबत मूळ रिपोर्ट, पी१६ची रंगवलेली स्लाइड आणि तिच्या कंट्रोलची स्लाइडही मागा. बायोप्सीचे दोन ब्लॉक असतील तर जास्त गाठ कशात आहे हे तिथल्या पॅथॉलॉजिस्टला विचारून तो न्या. ज्या केंद्रात हेड अँड नेकचं काम नेहमी चालतं तिथे आधी स्लाइडचं पुनरावलोकन करून घ्या. तिथे पी१६ ७०%च्या खाली ठरलं तर मोजपट्टीच बदलेल. ते टिकलं, तर आरएनए तपासणी. कापून ठेवलेल्या जुन्या कोऱ्या स्लाइडवर ती करू देऊ नका, आरएनए झिजतो. ब्लॉकमधून ताजे काप घ्यायला सांगा, आणि लागतील तेवढे एकदाच कापा. लहान बायोप्सी दर खेपेला मायक्रोटोमवर चढवली की पातळी जुळवण्यातच थोडी थोडी संपते. ब्लॉक उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं. आणि काम झालं की परत आणा. पुढे कधी गाठ पुन्हा उगवली तर तुलनेला हाच ब्लॉक लागेल, आणि दुसरा मिळणार नाही.